माइनस सत्तावीसच्या आत

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या घरात इंटरनेटच्या पेटीवरचा लाल दिवा लागतो. तक्रार नोंदवली जाते आणि काही तासांनी पाठीवर बॅग अडकवलेला एक तरुण मोटारसायकलवरून येतो. बॅगेतून तो मोबाइलएवढं एक यंत्र काढतो, पेटीच्या मागची हिरवी पिन उपसून त्यात खुपसतो आणि पडद्यावरचा आकडा वाचतो. माइनस एकोणीस, माइनस सव्वीस, माइनस एकतीस, काहीही असू शकतं. त्याचा पुढचा तास कशात जाणार, हे या एका आकड्यावर ठरतं. तो घरातच थांबेल, गल्लीतल्या खांबावर चढेल की चौकातली पेटी उघडेल, हे त्याला तिथल्या तिथे कळतं. या आकड्यामागचा हिशेब समजला की टेलिकॉम टेक्निशियनचं निम्मं काम समजतं.

प्रकाशाची ताकद मोजायच्या मापाला या धंद्यात सगळे ‘डीबीएम’ म्हणतात. शून्य डीबीएम म्हणजे बरोबर एक मिलिवॉट. माइनस १० म्हणजे त्याचा दहावा भाग, माइनस २० म्हणजे शंभरावा, माइनस ३० म्हणजे हजारावा. आकडा तीनने घसरला की प्रकाश निम्मा होतो. माइनस २० आणि माइनस २६ यांत आपल्याला सहाचा फरक दिसतो. जाणकाराला दिसतं, की प्रकाशाचे चारातले तीन भाग वाटेत कुठेतरी सांडत आहेत.

घरोघरी आलेलं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन या पद्धतीवर चालतं. एक्स्चेंजमधल्या यंत्राला ओएलटी म्हणतात, घरातल्या पेटीला ओएनटी. ओएलटीच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. तो वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, काचेतल्या काचेतच प्रकाशाला फाटे फुटतात. पोर्टमधून घरांकडे सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती निघते, ती सगळ्यांनी वाटून घ्यायची. घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि घरातून जाणारा १३१०चा असतो, त्यामुळे एकाच तंतूतून दोन्हीकडची वाहतूक एकाच वेळी चालते. दोन्ही प्रकाश डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणूनच उघड्या पिनमध्ये डोकावून पाहायचं नाही, हे शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी बजावतात.

आता हिशेब. ओएलटीतून प्रकाश साधारण अधिक ३ने निघतो. चौकातल्या पेटीत एकाचे आठ फाटे होतात, तिथे साडेदहाच्या आसपास खर्च होतो. गल्लीतल्या खांबावर पुन्हा एकाचे आठ, पुन्हा तेवढाच खर्च. चार किलोमीटर काचेचा एक, कनेक्टर आणि सांधे मिळून आणखी एक. घरात पोचतात माइनस २०. सर्वसाधारण ओएनटीला माइनस २७पर्यंतचा प्रकाश वाचता येतो, त्याखाली तिला काही दिसत नाही. म्हणजे हाताशी शिल्लक सातची आहे. हे सात कुठे आणि कसे उधळले जातात, याचा शोध हेच खरं काम.

बहुतेक वेळा ते धुळीत जातात. फायबरमधल्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. पिनच्या टोकावर बसलेला डोळ्यांना न दिसणारा एक कण तो अख्खा गाभा झाकू शकतो. रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रं आहेत, तिथे स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि त्या बाजूच्या गच्च्यांवर काळी धूळ बसते हे रायपूरकरांना सांगायला नको. असल्या हवेत पिन उघडी ठेवायची नाही, टोपी काढल्यावर आधी पुसायची, बारक्या सूक्ष्मदर्शकातून पाहायची आणि मगच जोडायची. हा क्रम मोडला तर धूळ दोन टोकांमध्ये दाबली जाते, काचेवर चरा पडतो आणि पिनच बदलावी लागते. पिन पुसून माइनस २६चे माइनस २१ झाले आणि टेक्निशियन पाच मिनिटांत निघाला, तर ग्राहकाला वाटतं यानं काही केलंच नाही. त्याने नेमकं हवं तेवढंच केलेलं असतं.

धुळीनंतर नंबर वळणांचा. दाराच्या फटीत चेंगरलेली, खिळ्याभोवती करकचून गुंडाळलेली किंवा कपाट भिंतीला टेकवताना दुमडलेली केबल तुटत नाही, पण वळणावर प्रकाश बाहेर गळतो. ही गळती ओळखायची एक सुंदर युक्ती आहे. तोच तंतू १३१० आणि १५५० या दोन्ही तरंगलांब्यांवर मोजायचा. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर जास्त गळतो, त्यामुळे १५५०वर नुकसान बरंच जास्त दिसलं तर केबल दुमडली आहे आणि दोन्हीकडे साधारण सारखं दिसलं तर सांधा खराब आहे, असा अंदाज बांधता येतो. एकही पेटी न उघडता.

आणि यंत्रावर काहीच आलं नाही, तर कुठेतरी केबल तुटलेली असते.

रायपुरात केबल तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण जेसीबी. राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झालं आणि तेव्हापासून राजधानीचं खोदकाम चालूच आहे: नळाची लाइन, गटारं, उड्डाणपूल, रस्तारुंदी. शारदा चौक ते तात्यापारा चौक हा रस्ता रुंद करायचा विषय तर शहरात कित्येक वर्षं गाजतो आहे. रस्त्याच्या कडेला जिथे नळाचा पाइप, तिथेच विजेची केबल, तिथेच दोन-चार कंपन्यांचं फायबर. खोदणाऱ्याला खाली काय आहे याची कल्पना नसते आणि बकेट एकदा खाली गेली की ९६ तंतूंची केबल दोऱ्यासारखी ओढली जाते. अशी ओढलेली केबल पुष्कळदा दोन ठिकाणी तुटते: एकदा खड्ड्यात, आणि दुसऱ्यांदा दूरच्या चेंबरमध्ये, जिथे ताण जाऊन पोचतो. नवखा माणूस पहिला तुकडा जोडून मोकळा होतो. अनुभवी माणूस दोन्ही दिशांनी मोजल्याशिवाय खड्डा बुजवू देत नाही.

हे मोजायचं यंत्र म्हणजे ओटीडीआर. ते तंतूत प्रकाशाचा एक अत्यंत छोटा ठोका सोडतं. काचेतल्या सूक्ष्म अनियमितपणामुळे वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून थोडा थोडा प्रकाश उलटा परततो आणि यंत्र त्याची वेळ मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून १० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रकाश १ किलोमीटरवरून आलेला असतो, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. पडद्यावर डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक रेघ दिसते. सांध्यापाशी तिला बारीकशी पायरी पडते, कनेक्टरपाशी टोकदार शेंडी उगवून पायरी पडते, आणि जिथे तंतू संपतो तिथून पुढे नुसता खरखरीत गोंगाट. वाचायला शिकलेल्या माणसाला त्या रेघेत चार किलोमीटरचा रस्ता दिसतो.

पण यंत्र सांगतं २,३४० मीटर, आणि तंतूचे २,३४० मीटर म्हणजे रस्त्याचे २,३४० मीटर नव्हेत. पुढेमागे सांधा लावता यावा म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये दहा-वीस मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. केबलच्या आतले तंतू नळीत किंचित ढिले, पीळ घेत गेलेले असतात, त्यामुळे ते केबलहूनही लांब भरतात. नाल्यापाशी केबल आत वळली, पुलावर पाइपात चढली, हे कागदावर असेलच असं नाही. अशा वेळी आठ वर्षं त्याच रस्त्यावर काम केलेला माणूस आकडा ऐकतो, मनातल्या मनात तीन चेंबरचे लूप वजा करतो आणि म्हणतो, “मंदिर के आगे वाले चेंबर के बीस मीटर बाद खोदो.” बहुधा तिथेच सापडतं. माझ्या मते शहराची सगळ्यात मौल्यवान नोंदवही या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसं नोकरी सोडून गेली की तीही त्यांच्याबरोबर जाते. कंपन्यांनी केबलचे नकाशे प्रत्येक दुरुस्तीनंतर सुधारायला हवेत, आणि ते सुधारण्याच्या वेळेचे पैसे टेक्निशियनला द्यायला हवेत.

सांधा लावणं हे पाहण्यासारखं काम आहे. खड्ड्याशेजारी छत्री किंवा छोटा तंबू लावतात, कारण वारा आणि धूळ हे या कामाचे शत्रू. आधी बाहेरचं जाड आवरण सोलायचं, मग पाणी आत शिरू नये म्हणून भरलेली चिकट जेली पुसायची. आत नळ्या, नळ्यांत तंतू, आणि दोहोंना रंगांचा ठरलेला क्रम: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. निळ्या नळीतला हिरवा तंतू पलीकडच्या निळ्या नळीतल्या हिरव्यालाच भेटला पाहिजे. ज्याला रंग ओळखण्यात अडचण आहे त्याला हे काम जमत नाही, आणि रात्री दोन वाजता टॉर्चच्या उजेडात राखाडी आणि पांढरा यांत चांगल्या डोळ्यांचाही गोंधळ उडतो.

मग एक छोटी पारदर्शक नळी, जिला स्लीव्ह म्हणतात, तंतूत ओवायची. ही आधी ओवायची विसरलं तर पुढचं सगळं वाया, कारण जोडलेल्या तंतूत ती मागाहून ओवता येत नाही. तंतूवरचं रंगीत लेपन काढलं की उरते १२५ मायक्रॉनची उघडी काच. ती अल्कोहोलने पुसायची. नीट पुसली गेली की बारीक चर्र आवाज येतो. क्लीव्हर नावाच्या हत्याराने टोक असं तोडायचं, की ते बरोबर काटकोनात यावं, एखाद-दुसऱ्या अंशाची चूकही चालत नाही. दोन्ही टोकं स्प्लाइसिंग मशिनमध्ये समोरासमोर ठेवली की मशिन त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जुळवतं, दोन इलेक्ट्रोडमध्ये विजेची ठिणगी पाडतं आणि काच वितळून एक होते. पडद्यावर अंदाज येतो: ०.०२ डेसिबल. म्हणजे सांध्यात हजारातले पाचेक भाग प्रकाश गेला. ०.१च्या वर आकडा आला तर चांगला कारागीर तोडून पुन्हा जोडतो. मग स्लीव्ह सांध्यावर सरकवून गरम करायची, तंतू ट्रेमध्ये गोल बसवायचा, पुढचा रंग घ्यायचा. ९६ तंतूंसाठी हे ९६ वेळा, आणि केबल दोन ठिकाणी जोडायची असेल तर त्याच्या दुप्पट.

तोडलेले काचेचे तुकडे एका बाटलीत गोळा केले जातात. कातडीत घुसलेला तुकडा दिसत नाही आणि सहज निघत नाही, म्हणून जिथे स्प्लाइसिंग चालू आहे तिथे बसून डबा खायचा नाही, हा नियम आहे. रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्या पोरांना हा नियम पाळता येईल अशी जागा आणि सवड क्वचितच मिळते.

हे सगळं नव्या जमान्याचं वाटतं, पण मूळ विद्या जुनी आहे. सीपी अँड बेरारच्या काळात रायपूरची राजधानी नागपूर होती, आणि पुढे १९५६मध्ये राजधानी भोपाळला गेली तरी इथल्या मराठी घरांची नाती विदर्भातच राहिली. नागपूरला फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल बुक करून वाट पाहायची: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग, जशी ऐपत आणि जसं कारण. त्या काळातल्या लाइनमनच्या खांद्यावर टेस्ट फोन असायचा. एक्स्चेंजमधून प्रत्येक फोनला तांब्याच्या दोन तारा जायच्या आणि त्यांवर वजा ४८ व्होल्टचा दाब असायचा. वजा अशासाठी, की अधिक टोक जमिनीला जोडलं म्हणजे ओल्या मातीतलं तांबं लवकर गंजून झिजत नाही. दोन तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर टेस्ट डेस्कवरचा माणूस त्यांचा रोध मोजायचा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीचा रोध किलोमीटरला साधारण १७० ओहम. मीटरने ३४० दाखवलं, तर दोष २ किलोमीटरवर. आज ओटीडीआर प्रकाशाच्या वेळेवरून जे करतो ते तेव्हा ओहमवरून व्हायचं, आणि तेव्हाही शेवटचे पन्नास मीटर लाइनमनच्या आठवणीवरच सोपवलेले असायचे.

या विद्येची मोठी शाळा रायपूरपासून फार लांब नव्हती. जबलपूरचं टेलिकॉम ट्रेनिंग सेंटर १९४२पासून चालू आहे. आज त्याला भारतरत्न डॉ. भीमराव आंबेडकरांचं नाव आहे. देशभरातल्या दूरसंचार खात्याच्या कर्मचाऱ्यांनी तिथे प्रशिक्षण घेतलं. तांब्याचे सांधे, स्विचिंग, ट्रान्समिशन सगळं तिथे हाताने करून शिकवलं जाई. मग १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचं बीएसएनएल झालं, मोबाइल आला, तांबं मागे पडलं, आणि ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी गेले. संस्थेच्या ताळेबंदासाठी त्याची कारणं असतील. पण केबल कुठून कशी गेली आहे हे ठाऊक असलेली एक अख्खी पिढी त्या दिवशी कामावरून उठली, आणि तिची जागा बहुतांश ठेकेदारांच्या माणसांनी घेतली.

वजा ४८ व्होल्ट मात्र कुठे गेलेले नाहीत. मोबाइलच्या टॉवरखाली आजही तोच दाब आहे. विजेचं रूपांतर करणारा रेक्टिफायर, त्याला जोडलेल्या बॅटऱ्या, आणि त्यावर चालणारी रेडिओ यंत्रं. जुन्या धाटणीच्या बॅटरी बँकेत दोन-दोन व्होल्टचे २४ सेल एका माळेत असतात. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, आणि रायपूरचा मे महिना ४४-४५ अंशांचा असतो. पत्र्याच्या कपाटात तर त्याहून जास्त. वीज गेल्यावर चार तास चालायला हवी ती बॅटरी दोन उन्हाळ्यांनंतर चाळीस मिनिटांत मान टाकते. वीज जाते, बॅटरी बसते, डिझेल जनरेटर सुरू होत नाही, आणि मोबाइलवरची दांडी गायब होते. आपण म्हणतो नेटवर्क गेलं. खरं तर रेडिओ यंत्रं बहुतेक वेळा ठणठणीत असतात. म्हणून टॉवर टेक्निशियनच्या कामाचा मोठा भाग विजेचा आहे: सेलचे व्होल्टेज तपासणं, टर्मिनल घासणं, अर्थिंगचा रोध मोजणं. छत्तीसगडमध्ये विजा भरपूर पडतात. चाळीस मीटर उंचीच्या लोखंडी सांगाड्यावर पडलेली वीज सरळ जमिनीत जायला हवी, आणि त्यासाठी अर्थिंगचा रोध एक ओहमच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. उन्हाळ्यात माती कोरडी पडते, रोध वाढतो, आणि नेमका पावसाळ्याआधीचा वळीव विजा घेऊन येतो. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणारा माणूस काय करतो आहे, ते यावरून कळेल.

टॉवरवर चढणाऱ्याला रिगर म्हणतात. त्याच्या अंगभर पट्ट्याला दोन हुक असतात आणि नियम असा, की दोन्ही हुक एका क्षणी मोकळे असता कामा नयेत; एक अडकवल्यावरच दुसरा काढायचा. अँटेनाच्या अगदी समोर काम करायचं तर आधी तो सेक्टर, म्हणजे त्या बाजूचं प्रसारण, बंद करून घ्यायचा. ढग गडगडायला लागले की खाली उतरायचं, मग वरून कितीही फोन येवोत. साइट बंद असण्याच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब वर कुठेतरी मांडला जात असतो आणि त्याचा दाब खालच्या माणसावर येतो. हा दाब कोणी देत असेल तर ते चूकच आहे, त्यात दुसरं मत असू शकत नाही.

रायपूरहून राष्ट्रीय महामार्ग ३० दक्षिणेला जातो, केशकाल घाट चढतो आणि बस्तरात शिरतो. तिथलं काम निराळंच. माओवाद्यांनी एकेकाळी टॉवर पाडले, जाळले. खासगी कंपन्यांना तिथे जायचं कारण उरलं नाही. मग केंद्राच्या योजनेतून बीएसएनएलने दहा राज्यांच्या नक्षलग्रस्त भागांत २,३४३ टॉवर उभे केले. त्यांवर टू-जी होतं, म्हणजे बोलणं होई, बाकी फारसं काही नाही. एप्रिल २०२२मध्ये हे टॉवर फोर-जीवर नेण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, आणि २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून बीएसएनएलच्या स्वदेशी फोर-जीचं औपचारिक उद्घाटन झालं. फोर-जी म्हणजे नुसती अँटेना बदलणं नव्हे. टू-जीला पुरणारी सॅटेलाइटची बारीक जोडणी फोर-जीला अपुरी पडते. शिवाय ३६ हजार किलोमीटर वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो. म्हणून मागून फायबर नाहीतर मायक्रोवेव्ह आणावं लागतं, आणि तिथे पुन्हा जंगल, घाट, पाऊस.

गावांपर्यंत फायबर नेण्याची राष्ट्रीय योजना २०११मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. छत्तीसगडमध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याचं काम राज्याच्या चिप्स या संस्थेकडे आलं. त्यात सुमारे ६ हजार ग्रामपंचायती होत्या, आणि केबल वर्तुळात फिरवायचं ठरलं, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहावी. कल्पना उत्तम आहे. पण वर्तुळाचा फायदा पहिला तुकडा वेळेत जोडला तरच. पहिली तूट कोणाला जाणवत नाही, तक्रार येत नाही, दुरुस्ती रेंगाळते, आणि दुसरी तूट झाली की मधली सगळी गावं अंधारात जातात. पंचायतीत केबल पोचल्याच्या दिवशी फोटो निघतो. ती पाच वर्षं चालू ठेवायला तालुक्याला किती स्प्लाइसर आहेत, त्यांच्याकडे ओटीडीआर आहे का आणि गाडीत पेट्रोल कोण टाकतं, हे प्रश्न मला त्या फोटोपेक्षा महत्त्वाचे वाटतात.

कार्यालयातल्या नेटवर्कचं काम तुलनेने सावलीतलं, पण डोकं तेच लागतं. नवा रायपूरच्या महानदी भवनात असो की पंडरीतल्या एखाद्या दुकानात, नियम एकच: खालून वर जायचं. आधी वायर, मग दिवा, मग पत्ता, मग पुढचं. संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता वाटणारं यंत्रच भेटलेलं नाही, मग ब्राउझर तपासण्यात वेळ घालवायचा नाही. कोणी सफाई करताना लोंबणारी केबल उचलून त्याच स्विचच्या मोकळ्या खणात खुपसली, आणि स्विच साधा असला, तर माहितीचे तेच ते पुडके गोल फिरत राहतात आणि अख्खा मजला ठप्प होतो. मुंबई इथून रेल्वेनं सुमारे ११०० किलोमीटर. फायबर त्याच वाटेनं गेलं तर काचेतल्या प्रकाशाला जाऊन-येऊन ११ मिलिसेकंद लागतात. मुंबईच्या सर्व्हरचा पिंग ३० आला तर चिंता नाही, ३०० आला तर वाटेत गर्दी आहे किंवा वाट भलतीकडून जाते आहे. प्रकाशाच्या वेगाची ही खूणगाठ मनात असली की कोणाच्याही थापांना माणूस बळी पडत नाही.

हे काम शिकायचं कुठे? आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदविका आहे, आणि टेलिकॉम सेक्टर स्किल कौन्सिलची ऑप्टिकल फायबर टेक्निशियन, स्प्लाइसर, ब्रॉडबँड टेक्निशियन अशी प्रमाणपत्रं आहेत. आपल्या घरातल्या मुलामुलींना ही वाट सुचवायला मला मुळीच संकोच वाटत नाही. डेसिबलचं गणित, विजेची समज, इंग्रजी लॉग वाचता येण्याइतकी इंग्रजी आणि गावात गेल्यावर छत्तीसगढीत चार शब्द बोलता येणं, एवढ्या भांडवलावर माणूस उभा राहतो. पुढे राउटिंग, सुरक्षा किंवा डेटा सेंटर अशा वाटा फुटतात.

मात्र एक गोष्ट सुधारल्याशिवाय या कामाला बरे दिवस येणार नाहीत. ठेकेदारीत पुष्कळ ठिकाणी मोबदला बंद केलेल्या तक्रारींवर मिळतो. किती टिकिटं मिटवली, त्यावर पैसे. मग जो पिन पुसून, दोन्ही बाजूंनी मोजून, सांधा दोनदा लावून जातो त्याची संख्या कमी भरते, आणि जो राउटर रीस्टार्ट करून निघतो त्याची जास्त. महिन्याभरात तीच तक्रार परत आली तर ती आधीच्या दुरुस्तीच्या खात्यात मोजली गेली पाहिजे. एवढा एक बदल केला तरी चांगल्या कारागिराचं चांगलेपण पगारात दिसेल.

वाचकांकडे मागणं थोडंच आहे. बोअर, कुंपण, गटार, काहीही खोदायचं असेल तर आधी ‘कॉल बिफोर यू डिग’ या सरकारी ॲपवर जागा नोंदवा. मार्च २०२३पासून ते चालू आहे. तिथे नोंद केली की त्या जागेखाली ज्यांच्या केबल आणि पाइप आहेत त्यांना सूचना जाते. बेफिकीर खोदकामामुळे देशाचं वर्षाला सुमारे ३ हजार कोटींचं नुकसान होतं, असं ॲप सुरू करताना सरकारनेच सांगितलं होतं. आपल्या वॉर्डात रस्त्याचं काम निघालं तर ठेकेदाराने ही नोंद केली आहे का, हे नगरसेवकाला विचारा. घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक केबल खिळ्याला गुंडाळू नका, पिन उपसून फुंकर मारू नका, कारण फुंकरीतली वाफ टोकावर बसते. आणि टेक्निशियन आला की त्याला पाणी द्या, मीटरवरचा आकडा विचारा आणि तो आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी येणाऱ्याला त्या नोंदीचा फार उपयोग होतो.